कान ठीक, जीभ ठीक, तरी बोलणे कळेना

भाद्रपद शुद्ध एकादशीला, म्हणजे माळव्यातल्या डोल ग्यारसेला, हाटपिपल्यात काय असते, हे गावातल्या कोणालाही विचारा. देवळातली नृसिंहाची पाषाणमूर्ती घाटावर आणतात, पाण्यात सोडतात आणि ती तरंगते. ते पाहायला आजूबाजूच्या गावांतून माणसे लोटतात. शाळकरी पोरगाही हे एका दमात सांगेल. आता अशी कल्पना करा की हाच प्रश्न साठी ओलांडलेल्या दोन माणसांना विचारला आहे, आणि दोघांनाही आठवड्यापूर्वी मेंदूचा झटका येऊन गेला आहे.

पहिला कपाळाला आठ्या घालून एकेक शब्द उपसून काढतो. "मूर्ती… पाणी… डोल… लोक, लोक." क्रियापद नाही, 'ला' नाही, 'वर' नाही, 'तून' नाही. तरी सांगायचे ते पोचते. आपण अडलो आहोत हे त्याला स्वतःला कळते आणि त्याचे डोळे भरून येतात. दुसरा अजिबात अडखळत नाही. तो हसतमुखाने सांगू लागतो, "अहो ते घाटाचं ना, मी तसलं करून ठेवलं होतं, तिचं ते पलीकडे वाहवलं की मग सगळे तोंडून देतात, दरवर्षी देतात की." सूर मराठीचा, वाक्याचे चढउतार मराठीचे, हातवारे ओळखीचे, अर्थ मात्र कुठेच नाही. आपण नीट बोललो अशी त्याची खात्री आहे, आणि समोरचे असे का बघताहेत हे त्याला उमगत नाही. त्यांचे बोलणेही त्याला कळेनासे झाले आहे.

पहिल्याला घरच्यांनी त्याच दिवशी दवाखान्यात नेलेले असते, कारण त्याचा उजवा हात लुळा पडलेला असतो. दुसऱ्याचे हातपाय धडधाकट असतात. तो चालतो, जेवतो, अंघोळ करतो. म्हणून कोणी म्हणते डोक्यावर परिणाम झाला, कोणी म्हणते बाहेरची बाधा आहे, कोणी म्हणते ऐकू येत नाही, आणि दृष्ट काढण्यात नाहीतर कानाच्या डॉक्टरची वेळ घेण्यात मोलाचे तास निघून जातात. हे प्रकरण सर्वांत आधी या दुसऱ्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी लिहिले आहे.

या आजाराला मराठीत वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेजिया म्हणतात. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचा एक रुग्ण वीस वर्षांहून अधिक काळ होता. काहीही विचारले तरी त्याच्या तोंडून "टॅन" हा एकच उच्चार निघे. विचारलेले त्याला बऱ्यापैकी समजे, खुणांनी तो उत्तरही देई. १७ एप्रिल १८६१ रोजी तो वारला. पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात खालच्या अंगाला इजा सापडली. तेरा वर्षांनी, १८७४ मध्ये, ब्रेस्लाऊ शहरात अवघ्या सव्वीस वर्षांच्या कार्ल व्हेर्निके या डॉक्टरने दुसरा प्रकार मांडला: इजा डाव्या कानशिलाच्या मागच्या भागात, बोलणे अस्खलित, पण अर्थ हरवलेला आणि ऐकलेले न कळणारे. पुढच्या भागातली इजा हातापायांच्या हालचालीच्या केंद्राला लागून असते, म्हणून पहिल्या माणसाचा उजवा हात जातो. मागच्या भागातली इजा त्या केंद्रापासून दूर असते, म्हणून दुसऱ्याचा हात वाचतो. त्याच्या आजाराकडे दुर्लक्ष होण्याचे शारीरिक कारण एवढेच आहे. अशा माणसाला कधीकधी उजव्या बाजूचे दिसतही नसते. ताटातली उजवीकडची भाजी तशीच राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

लबोर्नचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला आहे. २००७ मध्ये संशोधकांनी त्याचा एमआरआय काढला, तेव्हा इजा ब्रोकाने पृष्ठभागावरून पाहिली त्याहून खूप खोल गेलेली दिसली. भाषा मेंदूच्या एखाद्या ठिपक्यात राहत नाही. बरेच भाग आणि त्यांना जोडणारे तंतू मिळून ती चालवतात, असे आज मानतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक सर्वांत आणि डावखुऱ्यांपैकीही बहुसंख्यांत हे जाळे डाव्या अर्ध्या मेंदूत असते.

इथे आवाज आणि भाषा यांच्यातला फरक मनात पक्का करून घ्यावा. देवासकरांना तो समजावून सांगायला लांब जायला नको. कुमार गंधर्व क्षयाने आजारी पडून १९४८ मध्ये देवासला आले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचे गाणे बंद केले होते. फुफ्फुस आजारी होते. भाषा, स्वर, बंदिशी, विचार यांतले काहीच हरवले नव्हते. त्या अंथरुणावरच त्यांनी माळव्यातली लोकगीते कान देऊन ऐकली. घसा, जीभ, फुफ्फुस यांचे दुखणे वेगळे आणि भाषेचे दुखणे वेगळे. आवाज बसलेला माणूस पाटीवर लिहून सांगू शकतो. वाचाघात झालेल्या माणसाला लिहिणेही तसेच अडते, कारण अडचण त्याच्या तोंडात नसते.

बहिरेपणाही याच कसोटीने वेगळा काढता येतो, आणि ही कसोटी प्रत्येक घराला ठाऊक असायला हवी. ज्याला ऐकू येत नाही त्याला कागदावर "खिडकी बंद करा" असे लिहून दाखवा. वाचता येत असेल तर तो उठून खिडकी बंद करेल. दुसऱ्या माणसासारख्या वाचाघातात वाचलेलेही बहुधा कळत नाही. आणखी एक गोष्ट. माणसाला समजते आहे की नाही हे बघताना हात हलवू नका, वस्तूकडे पाहू नका. आपण "चहा घेता का?" विचारताना नकळत कप पुढे करतो, तो कप पाहून हो म्हणतो आणि आपण समजतो की याला सगळे कळते. हात पाठीमागे बांधून, चेहरा स्थिर ठेवून सांगा, "डाव्या हाताने उजवा कान धरा." मग चावी दाखवून नाव विचारा. मग म्हणा, "माझ्या मागे म्हणा: आज बाजारात लसूण स्वस्त आहे." या तिन्हींपैकी एकही गोष्ट अचानक जमेनाशी झाली असेल तर पुढचा विचार घरात बसून करायचा नाही. एका मिनिटाच्या वर या परीक्षेत घालवू नका.

'अचानक' हा शब्द इथे सर्वांत महत्त्वाचा. बोलणे बिघडण्याची कारणे पुष्कळ आहेत, पण ते किती वेळात बिघडले एवढे कळले तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते. सेकंदा-मिनिटांत बिघडले तर आधी रक्तवाहिनीचा विचार: गुठळी अडकली किंवा वाहिनी फुटली. तासा-दिवसांत बिघडले आणि सोबत ताप असेल तर मेंदूचा दाह. नागिणीच्या जातीचा एक विषाणू, हर्पीस, नेमका कानशिलाच्या भागावर हल्ला करतो. ताप, डोकेदुखी आणि चुकीचे शब्द असे तिन्ही एकत्र दिसले की त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे, कारण त्यावर असायक्लोव्हिर हे औषध आहे आणि ते लवकर दिले तरच उपयोगी पडते. आठवड्यांत बिघडले, आणि महिन्यापूर्वी म्हातारे माणूस न्हाणीघरात पडले होते, तर कवटीखाली हळूहळू साठलेले रक्त. ती पडझड घरचे विसरून गेलेले असतात. डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा. महिना-वर्षांत बिघडले तर मेंदूची झीज किंवा गाठ. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण चुकलेल्या माणसाची साखर उतरली तरीही बोलणे असेच बरळल्यासारखे होते. ग्लुकोमीटरने बोटातला एक थेंब तपासला की ते कळते, म्हणून झटक्याच्या प्रत्येक रुग्णाची साखर आधी पाहतात.

गुठळीची गोष्ट घड्याळ लावून समजून घेऊ. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तीन तासांच्या आत दिले तर फायदा होतो, हे १९९५ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले. २००८ च्या युरोपीय चाचणीने ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. मोठ्या वाहिनीतली गुठळी नळी घालून ओढून काढता येते. ते साधारण सहा तासांत, आणि निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत. पण इंजेक्शनआधी सीटी स्कॅन झालाच पाहिजे. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घात करील. आता हाटपिपल्यातली सकाळ धरा. आठ वाजता काका असंबद्ध बोलू लागले. नऊपर्यंत "झोप झाली नसेल" म्हणून वाट पाहिली. दहाला ओळखीच्या डॉक्टरांनी सलाइन लावले. अकराला कोणी गाडी ठरवली. देवासला पोचायला साधारण तास, तिथून "इंदूरला न्या" म्हटल्यावर आणखी तास. एक वाजला, आणि इंजेक्शनची मुदत तर साडेबारालाच संपली. या हिशेबात रस्त्याने दोन तास खाल्ले आणि गावातल्या संकोचाने तीन. रस्ता आपल्याला कमी करता येणार नाही. हे तीन तास मात्र पूर्णपणे घरच्यांच्या हातात आहेत.

म्हणून १०८ ला फोन करताना "चक्कर आली", "तब्येत बिघडली" असे सांगू नये. "आठ वाजेपर्यंत नीट बोलत होते, आता बोलणे कळत नाही, झटका वाटतो" असे सांगावे. ती आठची वेळ कागदावर लिहून ठेवावी. झोपेतून उठल्यावर बिघाड दिसला तर उठल्याची वेळ धरायची नाही. रात्री शेवटचे नीट बोलले ती वेळ धरायची. पाणी पाजू नये, कारण गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असू शकतात आणि पाणी श्वासनलिकेत जाते. रक्त पातळ करायची गोळी घरच्या घरी देऊ नये. आणि दहा मिनिटांत बोलणे पूर्ववत झाले तर गाडी माघारी वळवू नये. तो छोटा झटका असतो, आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. त्या दहा मिनिटांचा मोबाइलवर व्हिडिओ काढलेला असेल तर डॉक्टरांना तो कोणत्याही वर्णनापेक्षा उपयोगी पडतो.

सावकाश येणाऱ्या आजाराची कहाणी निराळी, आणि ती ओळखायला अवघड. १९८२ मध्ये मार्सेल मेसुलम या न्यूरॉलॉजिस्टने असे रुग्ण नोंदवले, ज्यांची स्मरणशक्ती आणि व्यवहार बराच काळ शाबूत होते आणि फक्त भाषा वर्षानुवर्षे झिजत गेली. काही जण बोलताना अडकू लागतात, व्याकरण सुटते. काहींना शब्द आठवेनासा होतो, लांब वाक्य मागे म्हणता येईनासे होते. आणि काहींच्या बाबतीत शब्दाचा अर्थच पुसला जातो. आयुष्यभर स्वयंपाक केलेली बाई एक दिवस सुनेला विचारते, "सांडशी म्हणजे काय?" ती विसरली असे म्हणणे पुरेसे नाही. सांडशी हातात दिली तर कदाचित ती पातेले उतरवील, पण त्या आवाजाशी जोडलेला अर्थ आता उरलेला नाही. अशा प्रश्नावर घरात हसू नये. तो पहिल्यांदा विचारला गेला ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. अमेरिकी अभिनेता ब्रूस विलिस याच्या कुटुंबाने मार्च २०२२ मध्ये त्याला वाचाघात असल्याचे सांगितले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागांची झीज हे निदान जाहीर केले. जगातल्या उत्तम वैद्यकीय सोयी हाताशी असणाऱ्यालाही नेमके निदान मिळायला वेळ लागला. पहिल्या भेटीत उत्तर मिळाले नाही म्हणून डॉक्टर बदलत फिरण्याऐवजी सहा महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडे जुने कागद घेऊन जावे. झीज ओळखायची तर आधीची आणि आताची अवस्था शेजारी ठेवून पाहावी लागते.

मुलांबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. "आमच्याकडची मुलं उशिराच बोलतात" हे वाक्य कुठल्याही तपासणीची जागा घेऊ शकत नाही. मूल बोलत नसेल तर सर्वांत आधी कान तपासायचे, तेही टाळी वाजवून नव्हे, यंत्रावर. आणि बोलणारे मूल बोलायचे थांबले तर तो कोणत्याही वयात धोक्याचा इशारा आहे. १९५७ मध्ये लँडाऊ आणि क्लेफ्नर यांनी अशा मुलांचे वर्णन केले, ज्यांना छान बोलता येत होते आणि मग हाक मारलेलीही कळेनाशी झाली. घरच्यांना वाटले मूल बहिरे झाले किंवा हट्टी. प्रत्यक्षात झोपेत मेंदूमध्ये अपस्माराच्या लहरी चालू होत्या; आकडी काही मुलांत दिसली, काहींत दिसलीच नाही. झोपेतला ईईजी काढल्याशिवाय हे सापडत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि अंगणवाडी व शाळांतून अशी मुले शोधून जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवणे हे त्याचे कामच आहे. अंगणवाडीच्या ताईंना स्पष्ट विचारा.

आता माळव्यातल्या मराठी घरांची खास अडचण. पवारांच्या तुकोजी आणि जिवाजी या भावांपासून देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पात्या झाल्या, धारला पवारांची गादी आली, इंदूरला होळकर. त्यांच्याबरोबर आलेल्या कुटुंबांच्या कित्येक पिढ्या इथे गेल्या. घरात मराठी, शेजारी आणि भाजीवालीशी मालवी, शाळा-कचेरी-दवाखान्यात हिंदी, असे एकाच माणसाचे दिवसभर चालते. मराठी बोलताना हिंदी शब्द येणे हे इथे रोजचे आहे आणि त्यात आजार काही नाही. आजाराची खूण वेगळी असते. ज्या आजीने चाळीस वर्षे भाजीवालीशी मालवीतच भाव केला, ती एक दिवस तिच्याशी मराठीत बोलू लागते, समोरचीला कळत नाही हे तिच्या ध्यानात येत नाही, आणि सांगितले तरी ती बदलू शकत नाही. कोणाशी कोणती भाषा बोलायची ही निवड मेंदू करतो, आणि ती निवड बिघडली आहे.

अशा आजीला इंदूरला नेले की डॉक्टर साहजिकच हिंदीत तपासतात. ती हिंदीत चार शब्द चुकते आणि कागदावर गुण कमी पडतात. किंवा उलट, नातू प्रत्येक प्रश्नाचा मराठीत अनुवाद करताना उत्तराचा निम्मा धागा तिच्या हातात देऊन टाकतो आणि आजार झाकला जातो. दोन्हींनी निदान चुकते. अनेक भाषा बोलणाऱ्यांत बहुधा सगळ्या भाषा सारख्याच बिघडतात आणि सारख्याच सुधारतात. पण नेहमीच नाही. एक भाषा आधी परतते, दुसरी मागे राहते, असेही घडते. फ्रान्समध्ये रिबो याने १८८१ मध्ये मांडले की सर्वांत आधी शिकलेली भाषा टिकते. १८९५ मध्ये पित्र याने म्हटले की आजाराच्या वेळी सर्वांत जास्त वापरात असलेली टिकते. दोघांच्याही बाजूने उदाहरणे सापडली, विरोधातही सापडली. यातून घेण्याजोगी शिकवण एकच: प्रत्येक भाषेत वेगळे तपासल्याशिवाय माणसाचे काय शाबूत आहे ते कळणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशाच्या तपासणीसाठी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत चाचण्यांचा संच तयार केला. त्या पाचांत मराठी नाही. ही उणीव भरून निघायला हवी, आणि ती भरेपर्यंत घरच्यांनी आजीचे मराठी कसे होते ते डॉक्टरांना सांगितले पाहिजे.

बहुभाषी असण्याचा फायदाही नोंदवायला हवा. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी मेंदूत गुठळी झालेल्या ६०८ रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. झटक्यानंतर विचारशक्ती पूर्ववत असणाऱ्यांचे प्रमाण दोन भाषा बोलणाऱ्यांत ४०.५ टक्के, एक भाषा बोलणाऱ्यांत १९.६ टक्के. मात्र वाचाघाताच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता. चार भाषा येतात म्हणून भाषा जाणार नाही, असे समजू नये.

वाचाघाताने बुद्धी जात नाही, हे मला सर्वांत आवर्जून सांगायचे आहे. इंग्रजीचा प्रसिद्ध कोशकार सॅम्युएल जॉन्सन जून १७८३ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, मध्यरात्री जागा झाला तेव्हा त्याचे डोके सुन्न झाले होते. बुद्धी शाबूत आहे का हे पाहायला त्याने मनातल्या मनात लॅटिन पद्यात एक प्रार्थना रचली. ओळी काही फार चांगल्या झाल्या नाहीत, आणि त्या चांगल्या नाहीत हे आपल्याला कळते आहे, यावरून त्याने ठरवले की बुद्धी ठिकाणावर आहे. मग ध्यानात आले की तोंडातून शब्द निघत नाही. सकाळी त्याने शेजाऱ्याला चिठ्ठी लिहिली. लिहिताना हात चुकीची अक्षरे काढत होता. स्वीडनचा कवी टोमास ट्रान्स्ट्रोमर १९९० च्या झटक्यानंतर बोलू शकेना, उजवा हात गेला. तो डाव्या हाताने पियानो वाजवत राहिला, त्याचे नवे कवितासंग्रह निघाले आणि २०११ मध्ये त्याला नोबेल मिळाले. आपल्याकडे अटलबिहारी वाजपेयींच्या बोलण्यावर २००९ च्या झटक्याने परिणाम झाला. ज्या वाणीसाठी लोक मैदाने भरून टाकत, तीच बाधित झाली. घरातल्या अशा माणसासमोर त्याच्याविषयी तो नसल्यासारखे बोलू नका, जमिनीचे आणि बँकेचे निर्णय त्याला न विचारता घेऊ नका, आणि त्याच्याशी ओरडून बोलू नका. त्याचे कान ठीक आहेत.

उपचार आहे. त्याला स्पीच थेरपी म्हणतात, आणि ती कसरत फक्त जिभेची नसते: वस्तू आणि शब्द यांची जोडणी, वाक्य पुन्हा बांधणे, चित्रांच्या वहीतून गरज सांगणे, घरच्यांना बोलायची रीत शिकवणे. २०१६ मध्ये ५७ चाचण्या एकत्र तपासून निष्कर्ष निघाला की थेरपीचा फायदा होतो. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत झपाट्याने होते, म्हणून लवकर सुरुवात करावी. पण "सहा महिने झाले, आता काही होणार नाही" हे खरे नाही. जर्मनीत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटक्याला सहा महिन्यांहून जास्त काळ लोटलेल्या दीडशेहून अधिक रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी दिली, आणि त्यांचे रोजचे बोलणे सुधारले. ज्यांना शब्द काढता येत नाही त्यांना पुष्कळदा गाणे येते; आरती, हरिपाठ, पाढे ओठांवर येतात. १९७३ मध्ये बॉस्टनमध्ये याच सामर्थ्यावर सुरांतून वाक्य शिकवण्याची पद्धत बेतली गेली. पण आरती म्हणता आली म्हणजे भाषा परत आली, असे समजून थेरपी थांबवू नये. पाठ असलेले आणि नवे वाक्य बांधणे यांचे मार्ग मेंदूत वेगळे आहेत.

थेरपी हिंदीत घ्यायची की मराठीत, हे थेरपिस्टला विचारून ठरवा; घरात दिवसभर जी भाषा कानावर पडते तिला प्राधान्य द्यावे, असे माझे मत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरला १९६५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ही या विषयाची राष्ट्रीय केंद्रे आहेत. तेवढे दूर जाणे प्रत्येकाला जमणार नाही. इंदूरच्या मोठ्या रुग्णालयांत चौकशी करा, आणि थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते पाहा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या एकवीस प्रकारांत वाचा आणि भाषेचे दिव्यांगत्व स्वतंत्रपणे आहे, आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचे नाव आहे. दोष कायमचा ठरला तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. हातपाय धड आहेत म्हणून कोणी नाकारले तर कायद्याचे नाव घेऊन पुन्हा मागा.

वाचकाला एकच विनंती. या आठवड्यात देवासला किंवा इंदूरला फोन करून विचारा, चोवीस तास सीटी स्कॅन आणि गुठळीचे इंजेक्शन कोणत्या रुग्णालयात मिळते. त्याचा नंबर, १०८, घरातल्या मोठ्यांची औषधे आणि ती माणसे रोज कोणत्या भाषा बोलतात, एवढे एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.